जुन्या एच६१ मशीनमध्ये आय५-३४७० टाकावा का? हजार-दीड हजारांचा पूर्ण हिशोब

निकाल आधीच सांगून टाकतो. मदरबोर्ड इंटेलच्या एच६१ चिपसेटचा आहे, त्यावर पेंटियम किंवा आय३ प्रोसेसर बसलेला आहे आणि मशीनमध्ये एसएसडी (फिरत्या हार्ड डिस्कऐवजी लावायची वेगवान डिस्क) व ८ जीबी रॅम आधीपासून आहे, अशा ठिकाणी सेकंडहँड आय५-३४७० प्रोसेसर हा पैसे वसूल करणारा सौदा आहे. एसएसडी नसेल किंवा रॅम ४ जीबीच असेल, तर प्रोसेसरला हात लावू नका. तोच पैसा आधी तिकडे लावा. आधार आणि बँकेची कामं करणाऱ्या केंद्रांचं गणित मात्र वेगळं आहे, ते विंडोजच्या भागात सांगतो.

या एका जोडीवर एवढं लिहायचं कारण म्हणजे विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत हीच मशीन अजून सगळ्यात जास्त राबताना दिसतात. सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, कृषी केंद्राचं बिलिंग, शाळेची लॅब, एमएस-सीआयटीचा क्लास, कुठेही जा, २०११ ते २०१४ च्या काळातला एलजीए ११५५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा प्रकार) बोर्ड आणि त्यावर पेंटियम जी६२०, जी२०३० किंवा आय३-२१०० सापडतो. मशीन हळू झालं की दुकानदार म्हणतो, "प्रोसेसर बदलून टाका." कधी त्याचं खरं असतं, पण पुष्कळदा नसतं.

आधी अडतंय कुठे ते बघा

जुलैत पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की पोर्टल फिरत बसतं आणि रांगेतले शेतकरी कॉम्प्युटरकडे बघून चिडतात. तिथे बहुतेक वेळा दोष सर्व्हरचा किंवा नेटचा असतो. जगातला सगळ्यात महाग प्रोसेसर लावला तरी ते पान तेवढाच वेळ घेईल. म्हणून खर्चाआधी एक तपासणी कराच. रोजचं खरं काम चालू ठेवा, म्हणजे क्रोममध्ये आठ-दहा टॅब, एक स्कॅन, एक पीडीएफ, बायोमेट्रिकची आरडी सर्व्हिस (ठशांचं यंत्र चालवणारा प्रोग्राम) मागे चालू. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅब बघत बसा.

डिस्क १०० टक्क्यांवर अडकली आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ३०-४० वर असेल, तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे, आणि मग विंडोज तीच गर्दी डिस्कवर ढकलतं, म्हणून डिस्कही लाल दिसते. सीपीयू सतत ९०-१०० वर, डिस्क आणि मेमरी मोकळी, असं चित्र असेल तरच प्रोसेसर बदलण्यात अर्थ आहे. तिन्ही मोकळे असून पान उघडत नसेल तर नेट तपासा.

एच६१ वर साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या पोर्टचा, वेग ३ गिगाबिटच आहे, म्हणून एसएसडी तिथे सेकंदाला २५०-२८० एमबीच्या पुढे जात नाही. "मग या बोर्डावर एसएसडी घेऊन काय फायदा" असं बरेच जण विचारतात. फायदा पूर्ण आहे. फिरणारी हार्ड डिस्क सुटे, विखुरलेले छोटे तुकडे वाचताना सेकंदाला जेमतेम एखादा एमबी देते आणि विंडोज सुरू होताना नेमकं तेच वाचन होतं. मशीन सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेत असेल तर तो आजार एसएसडीनेच बरा होतो, प्रोसेसरने नाही.

रॅम घेताना एक फसवणूक ठरलेली आहे. ८ जीबीची डीडीआर३ पट्टी बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळाली तर ती बहुधा फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणारी असते. इंटेलच्या एच६१ वर ती लावली की स्क्रीनच येत नाही किंवा बीप वाजत राहतात. दुकानात आपल्याच बोर्डावर लावून बघितल्याशिवाय ती घेऊ नका. एच६१ वर दोन खाचा असतात, एका खाचेत ८ जीबी, एकूण १६.

आय५-३४७० ने नेमकं काय मिळतं

पेंटियम जी२०३० मध्ये दोन कोर (चिपमधले काम करणारे भाग) आणि दोनच थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). आय३-२१०० मध्ये दोन कोर, चार थ्रेड, ३.१ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरजेपुरता आपोआप वाढणारा वेग) नाही. आय५-३४७० मध्ये खरे चार कोर, ३.२ गिगाहर्ट्झचा पाया आणि गरज पडली की ३.६ पर्यंत टर्बो. सगळे कोर एकत्र कामाला लागतात तेव्हा फरक साधारण अडीच पटीच्या घरात जातो, पण एकाच कोरवर चालणाऱ्या कामात तो बराच कमी दिसतो. शिवाय जुन्या पेंटियम आणि आय३ मध्ये एईएस एन्क्रिप्शनची, म्हणजे माहिती सांकेतिक करण्याची, सोय चिपमध्येच नव्हती, ती या आय५ मध्ये आहे.

सेवा केंद्राच्या कामात हे जाणवतं. ब्राउझर, अँटिव्हायरस, आरडी सर्व्हिस, स्कॅनरचं सॉफ्टवेअर हे सगळं एकाच वेळी कोर मागतं. दोन कोरच्या मशीनवर अँटिव्हायरसने तपासणी सुरू केली की माउसही अडखळतो, चार कोरवर तो अडखळत नाही. क्लासमध्ये व्हिडिओ दाखवतानाही सुधारणा दिसते. यूट्यूब हल्ली व्हीपी९ आणि एव्ही१ पद्धतीने व्हिडिओ पाठवतं, आणि या पिढीच्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाहीत. सगळा भार प्रोसेसरवर पडतो. पेंटियमवर १०८० चा व्हिडिओ अडकतो, ३४७० वर नीट चालतो. प्रोसेसर न बदलताही ब्राउझरमध्ये एच२६४इफाय (h264ify) नावाचं एक्स्टेंशन टाकून यूट्यूबला जुन्या एच.२६४ पद्धतीवर आणता येतं. ती पद्धत या चिपच्या ग्राफिक्सला कळते आणि भार एकदम उतरतो. ज्यांची तक्रार फक्त व्हिडिओची आहे त्यांनी आधी हे फुकटचं करून बघावं.

कृषी केंद्राचं टॅली, बिलं, स्टॉकची नोंद यासाठी मात्र प्रोसेसर बदलू नका. तिथे एसएसडीनंतर फरक जवळपास कळत नाही. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांना कोरलड्रॉ-फोटोशॉपमध्ये थोडा फायदा मिळेल, पण मोठ्या फ्लेक्सच्या फायलींना आधी १६ जीबी रॅम हवी. लग्नाचं व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या स्टुडिओने या सॉकेटवर एक रुपयाही घालू नये. नवे कॅमेरे आणि फोन एच.२६५ मध्ये शूट करतात आणि आय७-३७७० लावला तरी त्याच्या ग्राफिक्सला ती फाइल उलगडता येत नाही. टाइमलाइन अडकतच राहणार.

आय७-३७७० चं काय? चार कोर, आठ थ्रेड, ३.९ पर्यंत टर्बो, आणि सेकंडहँड किंमत आय५ च्या दुप्पट किंवा जास्त. ऑफिसच्या कामात तो फरक वापरलाच जात नाही. आमच्या मते या सॉकेटवर ३४७० वर थांबणंच शहाणपणाचं.

घेण्याआधी बोर्डाचं नाव काढा

स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ (msinfo32) टाइप करा. बेसबोर्ड प्रॉडक्ट आणि बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) व्हर्जन या दोन ओळी कागदावर लिहून घ्या. एच६१ बोर्ड २०११ साली दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी आला. ३४७० तिसऱ्या पिढीचा, २०१२ चा. जुना बायॉस असलेल्या बोर्डाला तो ओळखताच येत नाही. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. अशा वेळी लोक प्रोसेसर खराब निघाला म्हणून परत करायला धावतात.

बायॉस अपडेट करायचा तर जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करावा लागतो. आणि त्या दोन-चार मिनिटांत वीज गेली तर बोर्ड मेला. मग बायॉसची चिप काढून प्रोग्रामरवर लिहावी लागते आणि ते काम करणारा तंत्रज्ञ प्रत्येक तालुक्यात नसतो. बॅटरी चांगली असलेला यूपीएस, मशीनवर बाकी काहीही चालू नाही, भारनियमनाची वेळ टाळून, असंच हे काम करा.

इंटेलच्या स्वतःच्या बोर्डांची, म्हणजे आपल्याकडे भरपूर विकल्या गेलेल्या डीएच६१डब्ल्यूडब्ल्यूसारख्यांची, आणखी एक अडचण आहे. इंटेलने जुन्या बोर्डांच्या बायॉस फायली आपल्या संकेतस्थळावरून २०१९ मध्ये काढून टाकल्या. कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उतरवलेली फाइल बोर्डात घालणं धोक्याचं आहे. अशा ठिकाणी सरळ दुसऱ्या पिढीचा आय५-२४०० घ्या. चार कोर, ३.१ ते ३.४ गिगाहर्ट्झ, आणि एच६१ वर बायॉसला हात न लावता चालतो. तो ९५ वॉटचा आहे, ३४७० हा ७७ चा, म्हणून त्याला थंड ठेवायला थोडं जास्त लागतं.

चिप घेताना वरचं कोरीव नाव वाचा. ३४७० वर एसआर०टी८ असं कोरलेलं असतं, २४०० वर एसआर००क्यू. नाव पुसट, घासलेलं किंवा "इंटेल कॉन्फिडेन्शिअल" लिहिलेलं असेल तर ती चाचणीसाठी बनवलेली चिप असू शकते, ती नको. नावापुढे पी असेल, जसं आय५-३३५०पी, तर त्यात ग्राफिक्स नाही; वेगळं कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. स्वस्तात मिळणाऱ्या, इंटेलच्याच सर्व्हरसाठीच्या झिऑन ई३-१२२० आणि १२३० ची हीच गोष्ट, १२२५ आणि १२४५ मध्ये मात्र ग्राफिक्स आहे. ऑनलाइन मागवण्यापेक्षा नागपूरच्या सीताबर्डीतून किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून घ्या, चालू मशीनवर सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्राममध्ये चिपचं नाव बघा आणि किमान आठ-पंधरा दिवस बदलून देण्याचं बिलावर लिहून घ्या. भाव हजार ते दीड हजार धरा, बसवण्याची मजुरी तीनशे-चारशे. याच्या पुढे कोणी मागत असेल तर दुसरं दुकान गाठा.

बसवताना

मशीन दहा मिनिटं चालू ठेवा म्हणजे जुनी थर्मल पेस्ट मऊ पडते. मग बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण दाबून धरून आतली शिल्लक वीज जाऊ द्या. इंटेलच्या कूलरच्या चार प्लास्टिक पिना असतात. पिनेच्या डोक्यावर बाण आहे, त्या दिशेला फिरवून वर ओढा. बळ लावून कूलर उपटू नका, दहा वर्षं जुनं प्लास्टिक तुटतं आणि नवी पिन शोधत बसावं लागतं.

सॉकेटची दांडी दाबून बाजूला घ्या, वर करा, झाकण उघडा. जुनी चिप सरळ वर उचला. आता सॉकेटमधल्या केसासारख्या पिना उघड्या आहेत. त्यांना बोट, कापड, ब्रश काहीही लागता कामा नये. एक पिन वाकली तरी रॅमची एक खाच दिसेनाशी होऊ शकते किंवा बोर्ड चालूच होत नाही. नवी चिप तिच्या कडेच्या दोन खाचा सॉकेटशी जुळवून, सोनेरी त्रिकोण योग्य कोपऱ्यात ठेवून, नुसती ठेवा. दाबायची नाही. झाकण लावून दांडी बसवताना थोडं करकरतं, ते बरोबर आहे.

कूलरच्या बुडाची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. पसरवत बसू नका, कूलरच्या दाबाने ती पसरते. पिना समोरासमोरच्या जोडीने दाबा, प्रत्येकीचा टक् आवाज यायला हवा, आणि बोर्डाखाली डोकावून चारही पूर्ण बाहेर आल्या का ते बघा. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर तिरका बसतो आणि काही मिनिटांत तापमान नव्वदीला जातं. सीपीयू बदलल्यावर मशीन गरम होतं ही तक्रार दहात आठ वेळा एवढ्याचीच असते. शेवटी पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनेवरच लावा.

पेंटियम-आय३ सोबत आलेला कूलर पातळ, पूर्ण अॅल्युमिनियमचा असतो. आय५ साठी मधोमध तांब्याचा गोल असलेला उंच कूलर शोधा, सेकंडहँड दोन-तीनशेत मिळतो. पुण्यात कदाचित पातळही चालून जाईल. इथे ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला, वर्धा मे महिन्यात ४५-४६ अंशांवर जातात आणि खोलीचं तापमान जेवढं वाढतं जवळपास तेवढंच चिपचंही वाढतं. जानेवारीत ६२ अंशांवर दिसणारी चिप मेमध्ये ८० वर दिसेल. पूर्ण भार देऊन वीस मिनिटं चालवा आणि कोअर टेंप नावाच्या प्रोग्राममध्ये तापमानाचा आकडा बघा. हिवाळ्यात ६५ च्या आत राहिला तर उन्हाळ्याची काळजी नाही.

पाण्याचा कूलर मशीनच्या थेट समोर ठेवू नका. ओलसर वाऱ्याने रॅमच्या पट्टीचे सोनेरी संपर्क काळे पडतात आणि एक दिवस नुसती बीप ऐकू येते. पट्टी काढून खोडरबराने घासली की बहुतेक वेळा मशीन सुरू होतं. जिनिंगजवळच्या दुकानांत कापसाचा तंतू आणि सोयाबीनच्या हंगामात मळणीची धूळ कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. ती दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा ब्लोअरने काढा, पंखा बोटाने धरून.

प्रोसेसर बदलल्यावर काम करता करता मशीन अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, घ्या. स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असतं, आत तेवढा दम नसतो, आणि व्होल्टेजच्या चढउतारांनी त्याचे कॅपॅसिटर फुगलेले असतात. आय५ ने भार थोडा वाढवला की तो हात टेकतो. मशीन उघडलंच आहे तर सीआर२०३२ ची बॅटरीही बदलून घ्या. ती संपलेली असली की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर प्रत्येक सरकारी पोर्टलला असुरक्षित म्हणून अडवतो. तीस-चाळीस रुपयांचं काम आहे.

विंडोजचा प्रश्न

या सौद्याची खरी मर्यादा इथे आहे आणि ती लपवून चालणार नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी वाढीव अपडेटची योजना ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीवर ते आडमार्गाने बसवता येतं, चालतंही, पण पुढचं मोठं अपडेट येईल याची हमी कोणी देत नाही. जिथे लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे व्यवहार रोज हाताळले जातात तिथे अपडेट नसलेलं मशीन ठेवणं गावाच्या विश्वासाशी खेळणं आहे. अशा केंद्राने ३४७० वर पैसे घालण्यापेक्षा ते साठवून आठव्या पिढीचा, आय५-८५०० चा रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) ऑफिस पीसी घ्यावा. सहा कोर, ६५ वॉट, विंडोज ११ अधिकृत. इन्व्हर्टरवर दिवस काढावा लागत असेल तर इंटेलच्या एन१०० चिपचा मिनी पीसीही बघा. चार कोर आणि चिप अवघी ६ वॉटची, त्यामुळे बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते.

शाळेची लॅब, टायपिंग, क्लास, घरचा अभ्यास यांना एवढी कडक अट नाही. तिथे ३४७० लावून विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं तर मशीन अजून बरीच वर्षं राबेल. बायोमेट्रिक यंत्र जोडायचं असेल तर त्याची आरडी सर्व्हिस लिनक्सवर चालते का हे आधी विचारा.

बोर्ड दुसरा असेल तर

जी३१, जी४१ म्हणजे कोअर टू ड्युओची मशीन: काहीही घालू नका. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती त्यावर सुरूच होत नाही, चिपमध्ये लागणाऱ्या सूचनाच नाहीत.

एच८१ वर आय३-४१३० असेल तर आय५-४५९० घ्या. हिशोब एच६१ सारखाच, वर साटाचे दोन पोर्ट ६ गिगाबिटचे, एसएसडी त्यातल्या एकावर लावा. ४५९० साठीही काही बोर्डांना बायॉस अपडेट लागतो. एच११० वर सहावी-सातवी पिढी चालते. आठव्या पिढीची चिप त्याच आकाराच्या सॉकेटमध्ये बसते पण चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

डेल ऑप्टिप्लेक्स ३०२०, ९०२० सारख्या डब्यांत प्रोसेसर बदलणं सोपं, पण एसएमपीएसची जोडणी नेहमीची २४ पिनांची नसून डेलची वेगळी ८ पिनांची आहे. तो जळला तर तालुक्यात मिळणाऱ्या एसएमपीएसने काम भागत नाही.

प्रोसेसर बदलण्यात खरा आनंद आहे तो एएमडीच्या एएम४ बोर्डावर. २०१७ चा ए३२० किंवा बी३५० असेल तर त्यावर रायझेन ५ ५६०० पर्यंत जाता येतं, सहा कोर, बारा थ्रेड, आणि विंडोज ११ अधिकृत. आधी बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाची प्रोसेसर यादी बघून बायॉस नवा करा. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, कार्ड नसेल तर ५६००जी घ्या. इथे पिना चिपच्या पोटाला असतात आणि कूलर ओढला की सुकलेल्या पेस्टमुळे बंद दांडीतूनही चिप उपटून येते. मशीन गरम करून, कूलर आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा, मगच वर उचला.